रिकाम्या गाळ्याची पाटी

मुंबईत शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३२८-अ मध्ये मात्र ती अजून धावते आहे. जाहिरात लावायची तर आयुक्तांची लेखी परवानगी हवी, असं हे कलम सांगतं. ती कोणाला नको, याची यादी देताना ते म्हणतं की ट्रामच्या किंवा ऑम्निबसच्या मालकाने आपल्या गाडीवर आपल्याच धंद्याची जाहिरात केली तर हरकत नाही. त्याच यादीत, ट्रामच्या शेजारीच, साकीनाक्यातल्या कित्येक बंद शटरांच्या उपयोगाचे शब्द आहेत. इमारतीच्या खिडकीच्या आत लावलेली जाहिरात, आणि ती जागा विकायची किंवा भाड्याने द्यायची आहे असं सांगणारी जाहिरात, या दोन्हींना परवानगी लागत नाही. अट एवढीच की त्यात दिवा नको आणि ती इमारतीच्या डोक्यावर आकाशात चढलेली नको.

थोडक्यात, ‘गाळा भाड्याने देणे आहे’ हा कागद मुंबईत बेकायदा नाही. त्यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज नको, शुल्क नको, कुणाचं मन वळवायला नको. रिकाम्या दुकानाच्या पाटीबद्दल शहराचा कायदा सरळपणे जे बोलतो ते एवढंच. कागद केवढा असावा, एका गाळ्यावर किती असावेत, जागा भाड्याने गेल्यावर तो कोणी आणि किती दिवसांत काढावा, यावर कलम गप्प आहे. आणि त्याच शटरवर शेजारीपाजारी जे उगवतं त्याचं काय करायचं हे ठरवायला दुसरे चार कायदे आहेत. ते वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत आणि त्यांतला एकही रिकामं दुकान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नाही.

साकीनाक्यात या प्रश्नाला तीन चेहरे आहेत. पहिला खैरानी रोड, नव्वद फूट रस्ता आणि आतल्या इस्टेटींतल्या गाळ्यांचा. लोखंडी शटर, आत पोटमाळा, बाहेर हातगाडी लावण्यापुरती जागा. इथे काच नाही, त्यामुळे कायद्यातली ‘खिडकी’ही नाही. दुसरा, रहिवासी आणि पुनर्वसनाच्या इमारतींच्या तळमजल्यावरच्या दुकानांचा. तिसरा चेहरा ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून जास्त दिसतो. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या अंगावरून मेट्रो जाते, त्यामुळे वरच्या मजल्यांवरची काचेची ऑफिसं प्रवाशाच्या नजरेच्या पातळीवर आली. पूर्वी त्या काचेवर आतून कागद चिकटवून काही उपयोग नव्हता. आता मरोळ नाका ते असल्फा या टप्प्यात खिडकीतला ‘ऑफिस ऑन रेंट’ फुकटात हजारो डोळ्यांखालून जातो. विलायतेतल्या दुकानांच्या काचा पाहून बेतलेली ही सवलत साकीनाक्यात लागू पडायला मेट्रो यावी लागली.

बंद शटर जवळून वाचण्यासारखं असतं. मधोमध ब्रशने लिहिलेला मालकाचा नंबर आणि खाली ‘नो एजंट’. त्याच्यावर दोन-तीन एजंटांचे स्टिकर, प्रत्येकाचा नंबर वेगळा, गाळा एकच. बाजूला फोटोकॉपीचा कागद: कारागीर पाहिजे, सिंगल नीडल, ओव्हरलॉक, राहण्याची सोय. त्याखाली पेस्ट कंट्रोल, पॅकर्स-मूव्हर्स, क्लासेस, मूळव्याधीवर हमखास इलाज. स्टेन्सिल ठेवून मारलेला स्प्रे कुलपावरून गेलेला. वर जुन्या दुकानाचा बोर्ड तसाच, अर्धी अक्षरं पडलेली, आणि त्याच्यावर दोरीने बांधलेला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. या सगळ्यात कायद्याने निःसंशय मोकळीक दिलेली गोष्ट एकच, मालकाचा नंबर. नेमका तोच शोधावा लागतो. एजंटांचे स्टिकर सोडले तर बाकीच्या जाहिरातींचा त्या गाळ्यातल्या धंद्याशी किंवा भाड्याशी काही संबंध नाही, म्हणजे त्यांना ३२८-अ ची सवलत मिळत नाही. मालकाने लावू दिल्या असतील तरी नाही.

एजंटांच्या स्टिकरांवर थोडं थांबायला हवं, कारण तिथे लोकांचा नेहमी गोंधळ होतो. बिल्डरने नव्या प्रकल्पाची जाहिरात केली तर तीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. म्हणून अनेकांना वाटतं की एजंटाच्या स्टिकरवरही तो हवाच. भाड्याच्या व्यवहाराला ते लागू नाही. रेरा कायद्याखालची एजंटाची नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीसाठी आहे. जुन्या इस्टेटीतला गाळा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर लावून देणाऱ्याला ती बांधून ठेवत नाही. त्यामुळे एकाच काचेवर शेजारी शेजारी दोन कागद असतील, एक विक्रीचा आणि एक भाड्याचा, तर पहिल्याला क्रमांक, कोड, जबाबदारी, आणि दुसऱ्याला नुसतं नाव आणि मोबाईल. तोही खरा असेलच असं नाही.

मग येतो मराठी पाट्यांचा नियम. या विषयावर गेल्या काही वर्षांत जेवढी शाई आणि घसा खर्च झाला तेवढा दुसऱ्या कुठल्याही पाटीवर झालेला नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली कलम ३६-क आलं. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही नियमाखाली आली. मराठी अक्षरं आधी हवीत आणि ती इतर भाषांतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असं ठरलं. व्यापाऱ्यांच्या संघटनेची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये २५,००० रुपयांच्या दंडासह फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २५ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयाने दसरा-दिवाळी तोंडावर आहे, आता पाट्या बदला, अशा अर्थाचं सांगून दोन महिने दिले. मुदत संपल्यावर २८ नोव्हेंबरपासून महापालिकेची पथकं बाहेर पडली. दंड प्रति कामगार २,००० रुपये. ते पुरेसं वाटलं नाही म्हणून १ मे २०२४ पासून मराठी पाटी नसलेल्या दुकानाला दुप्पट मालमत्ता कर लावण्याचं जाहीर झालं.

या हिशेबात रिकामा गाळा कुठे बसतो? बसतच नाही. नियम चालू आस्थापनेला आहे, दंड कामगारांच्या डोक्यामागे आहे, आणि बंद गाळ्यात आस्थापनाही नाही आणि कामगारही नाहीत. शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. त्यामुळे ‘टू लेट’, ‘शॉप ऑन रेंट’, ‘अव्हेलेबल’ असे नुसत्या इंग्रजीतले फलक चालतात, आणि शेजारच्या टपरीवजा चहाच्या दुकानाच्या मालकाला मात्र अक्षरांची उंची मोजून घ्यावी लागते. मला स्वतःला भाड्याच्या कागदावर भाषेची सक्ती करावी असं वाटत नाही. तो कागद ज्याला गाळा हवा त्याच्यासाठी असतो, आणि साकीनाक्यात गाळा शोधणारा आझमगडचा असू शकतो, सुरतेचा असू शकतो, साताऱ्याचाही असू शकतो. पण जुन्या दुकानाचा बोर्ड वर्षानुवर्षं लटकत राहतो, त्याला कुठलाच नियम शिवत नाही, ही गोष्ट खटकते. जीएसटीच्या नियमांनुसार नोंदणी क्रमांक दुकानाच्या नामफलकावर लिहावा लागतो. दुकानदार नोंदणी रद्द करून निघून जातो, आणि त्याचा क्रमांक मात्र शटरच्या डोक्यावर पुढच्या भाडेकरूची वाट पाहत राहतो.

कायद्याला रिकाम्या जागेची पाटी नीट लिहिता येत नाही असं मात्र समजू नये. येते, पाटी सरकारच्या किंवा बँकेच्या कामाची असली की. कर्ज थकलं आणि बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली गाळ्याचा ताबा घेतला, तर त्याच वर्षीच्या नियमांत सगळं ठरलेलं आहे. ताब्याची सूचना ठराविक नमुन्यातच हवी. ती बाहेरच्या दारावर किंवा ठळक दिसेल अशा जागी चिकटवायची. सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापायची, आणि त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं हवं. मालमत्ता कराच्या जप्तीची नोटीस, धोकादायक म्हणून सी-१ वर्गात टाकलेल्या इमारतीवरचा फलक, यांचंही तसंच. तारीख असते, सही असते, कोणाशी संपर्क करायचा ते असतं. साकीनाक्यात अशी सूचना लागलेला गाळा ओळखायला सोपा, कारण तिच्यावर एरवी सर्रास चालणारे स्टिकर सहसा चिकटत नाहीत. लोक तिला बिचकतात. एका कागदाला मान मिळतो आणि बाजूच्याला नाही, याचं कारण शिक्षेची भीती हे आहेच. पण तो कागद कुणाचा आणि कधीचा हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं, हेही आहे.

बाकीच्या चिकटपट्टीसाठी आपल्याकडे महाराष्ट्र मालमत्तेचे विद्रूपण प्रतिबंधक अधिनियम, १९९५ आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रक्कम १९९५ सालची, आणि फ्लेक्स तेव्हा जन्माला यायचा होता. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला जो निकाल दिला, त्याने राज्यभरच्या महापालिकांना बेकायदा फलकांवर कारवाई करण्याचे सविस्तर आदेश मिळाले. त्यानंतरही न्यायालयाला त्यांची अंमलबजावणी का होत नाही हे पुनःपुन्हा विचारावं लागलं. ही सगळी चर्चा मुख्यतः चौकातल्या, पुलांवरच्या, खांबांवरच्या फलकांची झाली. बंद शटरवर बांधलेला शुभेच्छांचा फ्लेक्स त्यात किरकोळ ठरतो. तो निघतो तेव्हाही कारवाईने निघत नाही. दुसऱ्या नेत्याचा वाढदिवस आला की निघतो.

आणि मग घाटकोपर. साकीनाक्यानंतर असल्फा, जागृती नगर, आणि त्यापुढचं शेवटचं स्थानक घाटकोपर. १३ मे २०२४ ला छेडा नगरला पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग वादळात कोसळलं आणि १७ माणसं गेली. मुंबईत होर्डिंगची कमाल मर्यादा ४० बाय ४० होती. जागा रेल्वे पोलिसांकडची, म्हणून परवानगी कोणाची लागते यावर यंत्रणांची एकमेकांकडे बोटं दाखवून झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये महापालिकेने बाह्य जाहिरातींच्या धोरणाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी मांडला. आकार, पाया, स्थैर्य, डिजिटल फलकांचा उजेड, रात्री ते किती वाजता बंद करायचे, असा सगळा रोख मोठ्या फलकांवर होता. सतरा मृत्यूंनंतर तो तसा असणं स्वाभाविक होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण शहराचं जाहिरातविषयक शहाणपण अपघातामागून येतं, आणि कागदाच्या चिटोऱ्याने कोणी मरत नाही, त्यामुळे त्याचा नंबर लागत नाही.

पैशाचाही एक भाग आहे. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली जाहिरात कराची ५५ वी नोंद गेली, जीएसटी आला. महापालिकांच्या हातात परवान्याचं शुल्क तेवढं राहिलं. होर्डिंगमधून शुल्क येतं, दिव्याच्या बोर्डातून येतं. ज्याला परवानगीच नको अशा कागदातून एक रुपया येत नाही. अनुज्ञापन खात्याने त्याच्याकडे लक्ष का द्यावं, याला प्रशासकीय कारण सापडत नाही. साकीनाक्याचा बराचसा भाग महापालिकेच्या कुर्ल्यातल्या एल विभागात, मरोळकडची बाजू अंधेरीतल्या विभागात. जाहिरातीचं खातं एक, दुकान-आस्थापनेचं दुसरं, विद्रूपणाचा गुन्हा पोलिसांकडे. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर सोसायटीचा दावा, शटरच्या आतल्या जागेवर गाळेधारकाचा. रिकाम्या दुकानाच्या पुढच्या दहा-बारा फुटांना इतके मालक आहेत की शेवटी तिथे कोणीच नसतो.

आता थोडं बाहेर बघू, कारण हा प्रश्न इतरत्र बराच पुढे गेला आहे, आणि सगळीकडे शहाणपणाने गेला आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये २००७ च्या जाहिरात नियंत्रण नियमांनी इस्टेट एजंटाच्या बोर्डाला वेगळा वर्ग दिला. दुकान किंवा ऑफिस असेल तर एक बोर्ड, साधारण दोन चौरस मीटरपर्यंत, वेगळी परवानगी नको. विक्री पूर्ण झाली किंवा भाडेकरार झाला की चौदा दिवसांत तो उतरला पाहिजे. आपल्या ३२८-अ मागे इंग्रजी कायद्यांचीच परंपरा आहे. ‘स्काय साइन’, म्हणजे इमारतीच्या डोक्यावर आकाशात चढलेली जाहिरात, या प्रकारावर लंडनने १८९१ मध्येच कायदा केला होता. त्या परंपरेने तिकडे पुढे चौदा दिवसांची ओळ जोडली, आपण ट्राम सांभाळून बसलो. डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांना याहून मोठं हत्यार मिळालं आहे. दोन वर्षांत ३६५ दिवसांहून जास्त रिकामं राहिलेलं बाजारपेठेतलं दुकान भाडेपट्ट्यासाठी लिलावात काढता येतं, मालकाची इच्छा असो वा नसो.

अमेरिकेत गाडी पाटीवरून थेट राज्यघटनेपर्यंत गेली. न्यू जर्सीतल्या विलिंगबरो गावाने घरांवर ‘विकणे आहे’ आणि ‘विकले’ अशा पाट्या लावायला बंदी घातली होती. हेतू वरकरणी चांगला होता: कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला येत होती, आणि गोऱ्या शेजाऱ्यांनी ओळीने लागलेल्या पाट्या पाहून घाबरून घरं विकू नयेत. १९७७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. घर विकायचं आहे ही खरी माहिती लोकांपासून लपवून समाजात सलोखा राखता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. १९९४ मध्ये लेड्यू गावातल्या एका बाईने खिडकीत लावलेल्या साध्या टाइपच्या कागदाएवढ्या युद्धविरोधी पाटीवरून दुसरा निकाल आला, तोही पाटीच्या बाजूने. २०१५ मध्ये ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की पाटीवर काय लिहिलंय ते वाचून तिच्यासाठी वेगळा नियम करणं घटनेच्या कसोटीवर टिकणं फार कठीण. तेव्हापासून बऱ्याच अमेरिकन नगरपालिका मजकुराला हात न लावता आकार, संख्या आणि झाकलेल्या काचेचं प्रमाण मोजतात. शिकागोत खिडकीच्या साधारण एक चतुर्थांशापेक्षा जास्त काच पाट्यांनी झाकता येत नाही.

भारतात मजकुराचा मुद्दा वेगळ्या वाटेने आला, आणि तोही मुंबईतून. महानगर टेलिफोन निगमने टाटा प्रेसच्या यलो पेजेसना हरकत घेतली होती. त्या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्यापारी जाहिरात हासुद्धा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, ग्राहकाला माहिती मिळण्याचा तो मार्ग आहे. उद्या एखाद्या महापालिकेने भाड्याच्या पाट्यांवर सरसकट बंदी आणली तर तिला या निकालाची आठवण करून देता येईल. अशी बंदी मुंबईत कोणी सुचवलेली नाही, पण ‘सुशोभीकरण’ हा शब्द उच्चारला की कुठल्याही गोष्टीवर बंदी येऊ शकते हे आपण पाहिलं आहे. साओ पाउलोने २००७ पासून शहरातल्या जवळजवळ सगळ्या बाह्य जाहिराती उतरवल्या आणि दुकानाची पाटी दुकानाच्या रुंदीला बांधली. दहा मीटरपेक्षा कमी दर्शनी रुंदी असेल तर दीड चौरस मीटर. साकीनाक्यातले जवळपास सगळे गाळे याच मापात येतील. त्या शहराचे आधीचे-नंतरचे फोटो फार फिरले. माझं मत विचाराल तर खैरानी रोडवर ते होऊ नये. जिथे ओव्हरलॉक चालवणारा माणूस शोधायला शटर हीच नोकरीची कचेरी आहे, तिथे भिंत कोरी करणं म्हणजे हातावर पोट असलेल्यांचं वर्तमानपत्र बंद करणं.

रिकामी दुकानं मोजण्याचा प्रयत्न न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्याने केला. तळमजल्यावरची आणि त्यावरच्या मजल्यावरची व्यापारी जागा दरवर्षी नोंदवायची, ती आकडेवारी शहर प्रसिद्ध करतं. सॅन फ्रान्सिस्कोने मार्च २०२० मध्ये मतदान घेऊन रिकाम्या दुकानांवर कर बसवला. तो दर्शनी रुंदीच्या प्रत्येक फुटामागे, पहिल्या वर्षी २५० डॉलर आणि पुढे १,००० पर्यंत. करोनामुळे अंमल २०२२ पर्यंत लांबला. मुंबईत असा कर आणला तर काय होईल? एका रात्रीत सगळे गाळे ‘गोडाऊन’ होतील. शटर दिवसातून एकदा अर्धं वर करायचं, आत चार खोकी. साकीनाक्याला हे शिकवायला लागणार नाही.

कारण गाळा रिकामा का राहतो हे पाटीवर कधीच लिहिलेलं नसतं. कधी भावाभावांचा वाद कोर्टात असतो. कधी पागडीची जागा असते आणि मालक-भाडेकरूचं हस्तांतराच्या रकमेवरून जुळत नाही. कधी मालक भाडेकरूलाच घाबरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा परत मिळवायची सोपी वाट दिली ती राहत्या जागांपुरती, आणि जुन्या कायद्याची धास्ती पिढीजात उतरली आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेला गाळा काही वर्षं हस्तांतरित करता येत नाही, म्हणून तिथे कोणी कागद लावून पुरावा ठेवत नाही. तोंडी निरोप जातो. पाटी न लावण्याची अशी कारणं पाटी लावण्याच्या कारणांइतकीच खरी आहेत, आणि ज्या नियमात त्यांना जागा नाही तो साकीनाक्यात एक महिनाही टिकणार नाही.

मालकांची आणखी एक भीती खरी आहे. ‘रिकामं आहे’ असं लिहिलं की चोर, घुसखोर आणि फुकटात सामान ठेवू पाहणारे, तिघांनाही निमंत्रण जातं. स्वतःचा नंबर लिहिला तर दिवसभर एजंटांचेच फोन, आणि मालक बाई असेल तर रात्रीही. म्हणून लोक एजंटाचा नंबर पुढे करतात, एजंट स्वतःचा स्टिकर आणतो, दुसरा एजंट त्यावर आपला मारतो, आणि शटर पुन्हा भरून जातं. कागदावर तारीख लिहायला लावली तर ओरड सगळ्यांत मोठी होईल. गेल्या दिवाळीची तारीख असलेला कागद पाहिला की येणारा भाडेकरू भाडं पाडून मागणार. डिपॉझिटही.

काचेचा विषय मात्र नुसता शोभेचा नाही. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रोडवरच्या फरसाणाच्या गाळ्याला आग लागली आणि आत झोपलेले बारा कामगार दगावले. त्या गाळ्याचा पाट्यांशी संबंध नव्हता, तो चालू गाळा होता. पण बाहेरून बंद दिसणाऱ्या जागेत माणसं राहतात, माल साठतो, ही गोष्ट या भागाला वेगळी सांगावी लागत नाही. काचेच्या दुकानाला आतून-बाहेरून पूर्ण व्हिनाइल किंवा ‘वन-वे व्हिजन’ लावून टाकलं की रस्त्यावरच्या माणसाला धूरही उशिरा दिसतो. शिकागोसारखा चतुर्थांशाचा नियम इथे उचलला तर तो या एका कारणासाठी उचलावा. ‘लवकरच येत आहे’ म्हणून सहा-सहा महिने पूर्ण काच झाकणाऱ्या ब्रँडच्या फिल्मलाही तो लागू करावा. तिथे अजून धंदा सुरू नाही, जागा विकायची-भाड्याने द्यायचीही नाही. आतून चिकटवली तर ती खिडकीच्या सवलतीत शिरते आणि बाहेरून लावली तर सवलतीतून बाहेर पडते, हा फरक अर्धा सेंटिमीटर काचेच्या जाडीवर अवलंबून ठेवणं हास्यास्पद आहे.

महापालिकेने या कागदासाठी परवाना पद्धत आणू नये, हे माझं ठाम मत. परवाना आला की अर्ज आला, अर्ज आला की टेबल आलं, आणि टेबलापलीकडे काय असतं ते गाळेवाल्यांना मी सांगायला नको. सवलत आहे ती राहू द्यावी, तिला कड असावी. एका दर्शनी बाजूला एक कागद, ठरलेल्या मापापर्यंत, लावणाऱ्याचं नाव असलेला. एजंटाचा असेल तर एकाच एजंटाचा. तारीख जगाला दाखवायची नसेल तर नको. दुकान बंद झाल्यावर जुना बोर्ड आणि त्यावरचा जीएसटी क्रमांक काढण्याची किंवा झाकण्याची जबाबदारी जाणाऱ्या दुकानदाराची असावी, आणि त्याच्या डिपॉझिटमधून ती वसूल करण्याची मुभा मालकाला करारातच देता येते. दुसऱ्यांनी चिकटवलेल्या पोस्टरांसाठी मालकाला दंड करू नये. ज्याचा नंबर पोस्टरवर आहे त्याला शोधणं सरकारला अवघड नाही, नंबर तिथेच लिहिलेला असतो.

इंग्लंडसारखी चौदा दिवसांची अट मात्र आणण्यासारखी आहे, आणि तिचा दिवस मोजायला नवं कार्यालय उघडावं लागत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स लेखी करून नोंदवणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. गाळा कोणत्या तारखेपासून कोणाला दिला हे दुय्यम निबंधकाच्या दप्तरात आलेलं असतं. त्या नोंदणीची एक प्रत आपोआप वॉर्ड ऑफिसला गेली, तर पाटी कधी उतरायला हवी होती हे कोणालाही न विचारता कळेल. साकीनाक्यातले किती करार खरोखर नोंदवले जातात आणि किती शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरीकडेच संपतात, हा यापुढचा प्रश्न. तो पाटीचा नाही, मुद्रांक शुल्काचा आहे, आणि त्या खात्याला तो आजवर फारसा घाईचा वाटलेला नाही.